उबुंटूवर कंपनीचा आउटलुक मेल आणि कॅलेंडर कसं चालवायचं?

तुमची कंपनी कुपवाड एमआयडीसीत, खातं मायक्रोसॉफ्ट ३६५ चं आणि सांगलीत घरी उबुंटू. यासाठी विंडोज टाकायची गरज नाही. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये आउटलुक डॉट ऑफिस डॉट कॉम उघडा आणि कंपनीच्या आयडीने लॉगिन करा. पासवर्ड बरोबर असूनही अडवलं, तर बहुतेक कंपनीने बाहेरची मशीन बंद ठेवली आहेत. ते आयटीवालेच सोडवतील.

मीटिंग साडेपाच तास आधी दिसत असतील, तर बहुतेक खात्याचा टाइम झोन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. उबुंटूचं घड्याळ पुढे-मागे करू नका, नवा घोळ होईल. आउटलुकच्या सेटिंग्जमध्ये कॅलेंडर, मग व्ह्यू उघडून यूटीसी+०५:३० वाला पर्याय निवडा.

ब्राउझरऐवजी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रामच हवा असेल तर मेल घ्यायला आयमॅप सर्व्हर आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ९९३. पाठवायला एसएमटीपी डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ५८७, सुरक्षेसाठी स्टार्टटीएलएस. दोन्हीकडे ऑथेंटिकेशन ओऑथ२ (मायक्रोसॉफ्टच्या पानावर लॉगिन करायची पद्धत) ठेवा. 'नॉर्मल पासवर्ड' ठेवलात तर मेल येणारच नाही. मेल येतो पण जात नाही? मग बहुतेक कंपनीच्या खात्यात एसएमटीपी, म्हणजे अशा प्रोग्राममधून मेल पाठवायची सोय, बंद असेल.

आयमॅपमधून कॅलेंडर मात्र येत नाही. वेब आउटलुकमधून ते पब्लिश करून मिळणारी आयसीएस लिंक (कॅलेंडरचा वेब पत्ता) थंडरबर्डला देता येते, पण ते फक्त बघण्यापुरतं, शिवाय बदल उशिरा पोहोचतात. आणि ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचं कॅलेंडर दिसतं. माझ्या मते कॅलेंडर ब्राउझरमध्येच बरं. फक्त टॅब उघडा ठेवा आणि नोटिफिकेशनला परवानगी द्या.