वाचकांचे प्रश्न : वाघ्रो, सील आणि हाताने काढलेली रेघ

प्रश्न : आयर्लंडचे टॉम मूर लोककथांवर हाताने काढलेले चित्रपट करतात, असे वाचले. आजच्या संगणकाच्या काळात ते खरोखरच हाताने काढलेले असतात का? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कथांवर असे काम करायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी?
— चित्रकलेची एक विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : होय, हातानेच, मात्र कागदावरच, असे समजू नये. बरेचसे रेखाटन आता संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेनाने होते, पण हालचालीचे चित्र माणूसच काढतो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. मूर यांनी १९९९ मध्ये नोरा टूमी आणि पॉल यंग यांच्यासह किल्केनी येथे ‘कार्टून सलून’ हा स्टुडिओ उभारला, तो याच कष्टाच्या वाटेने चालण्यासाठी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या ‘साँग ऑफ द सी’ (२०१४) या चित्रपटाच्या जन्मकथेत दिसते. मूर मुलाला घेऊन आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुटीसाठी गेले असता त्यांना वाळूत मारून टाकलेले सील हे समुद्री प्राणी आढळले. मासळी घटल्याचा राग लोकांनी त्या मुक्या जिवांवर काढला होता. तेव्हा तिथल्या एका स्त्रीने त्यांना सांगितले की पूर्वी असे घडले नसते, कारण सील म्हणजे समुद्रात गेलेल्यांचे आत्मे, अशी लोकांची श्रद्धा होती. कातडे उतरवून स्त्रीरूप घेणाऱ्या सीलची, म्हणजे सेल्कीची, कथा पडद्यावर आली ती या व्यथेतून.

हे वाचताना मला तुमच्या सत्तरीचीच आठवण होते. जिथे वाघाला वाघ्रो म्हणून पूजले जाते, त्याच तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या गोळावली भागात, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. तुमचा विषय इथे आहे, असे मला मनापासून वाटते.

विषयाइतकीच रेघही आपल्या मातीतली हवी. मूर यांच्याच ‘वुल्फवॉकर्स’ या चित्रपटात (२०२०) १६५० सालचे तटबंदीतले किल्केनी जुन्या लाकडी ठशांच्या छपाईसारख्या जाड, ताठ रेघांत आहे, तर लांडग्यांचे रान पेन्सिलीच्या मोकळ्या, न पुसलेल्या रेघांत. आपल्याकडे कावी आहे : चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो कोरून आतला पांढरा रंग उघडा करायचा. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ती अजून पाहता येते. दोनच रंगांत तिथे केवढे काही उभे राहते! आयरिश नक्षीची नक्कल करण्यापेक्षा एखादी कावीची भिंत चार दिवस समोर बसून उतरवून काढा.

मग गावातल्या वाघ्रोच्या पाषाणापाशी जा आणि तिथली पूजा कोण करते, का करते, हे त्यांच्याच तोंडून ऐका. संपूर्ण चित्रपटाचा विचार तूर्त नको. मान वळवून पाहणाऱ्या वाघाचा एक सेकंद, म्हणजे १२ चित्रे, काढा आणि आमच्याकडे पाठवा.