बाहा कॅलिफोर्नियाच्या पूर्व किनाऱ्यावर फ्लायने (गळावर बांधलेल्या पिसा-केसांच्या नकली भक्ष्याने) रूस्टरफिश धरायचा असेल तर कधी जावे आणि काय न्यावे?

तुमचा प्रश्न असा: कॅलिफोर्नियात पाच नंबरच्या हलक्या काठीने नदीतला ट्राउट गरवता, आता जूनमध्ये आठवडाभर मेक्सिकोत लोस बारिलेसला जाणार आहात, तर वाळूवर उभे राहून रूस्टरफिश लागेल का, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि सामान कोणते?

लागू शकतो, आणि महिना तुम्ही बरोबर निवडला आहे. मे ते जुलै हा किनाऱ्यावरून गरवायचा सर्वांत चांगला काळ. मेमध्ये पाणी साधारण २३-२५ अंशांवर येते, बोय आणि तारलीच्या जातीतली बारीक सार्दिना काठाला लागते, आणि तिच्यामागे मोठा मासा अगदी फेसापर्यंत येतो. नोव्हेंबर ते मार्च उत्तरेचा वारा दिवसचे दिवस घोंघावतो आणि पाणी गढूळ करतो. तेव्हा लोस बारिलेसला पतंगाच्या दोरीवर लाटांवरून घसरणाऱ्यांची गर्दी असते. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी सर्वांत उबदार, बोटीवरून डोराडो (माही-माही मासा) भरपूर, पण चक्रीवादळांचा जोरही तेव्हाच. २०१४ च्या सप्टेंबरात ओडिल वादळाने बाहा द्वीपकल्पाच्या याच दक्षिण टोकाची दैना केली होती.

आता वेळ. नदीवरची सवय पहाटे उठायची, ती इथे अर्धीच उपयोगी. हा किनारा पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन थेट डोळ्यांत येते आणि पाण्यावर नुसती चकाकी दिसते. उजाडण्याआधीचा तासभर जॅक क्रेव्हाल (तिथे त्याला तोरो म्हणतात) आणि लेडीफिशसाठी अंदाजाने फ्लाय टाकायला ठीक. रूस्टरफिश मात्र पाहून गरवायचा मासा आहे. साडेदहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत, ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असताना, तो दिसतो. कर्कवृत्त लोस बारिलेसच्या थोडे दक्षिणेकडून जाते, त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी ऊन जवळजवळ सरळ खाली पडते आणि तळाची वाळू लख्ख दिसते. तांबूस किंवा पिंगट काचांचा पोलराइज्ड चष्मा घ्या, राखाडी काच त्या पाण्यावर कमी पडते. टोपीच्या कडेची खालची बाजू गडद हवी.

भरती-ओहोटीचे फार मनावर घेऊ नका. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, इथे फरक साधारण मीटर-दीड मीटरचा. किनाऱ्याचा उतार पाहणे जास्त महत्त्वाचे. जिथे वाळू एकदम खोल उतरते, किंवा जिथे एखादे वाळूचे टोक समुद्रात घुसते, तिथे मासा काठाच्या अगदी जवळून फिरतो. ला रिबेरा गावाच्या पुढे पुंता अरेनापर्यंतची वाळू याच कारणासाठी चालण्यासारखी आहे.

वाऱ्याचे गणित जाण्याआधी समजून घ्या, कारण बहुतेकांचे दिवस तिथेच वाया जातात. उन्हाळ्यात दुपारी वारा बहुधा दक्षिणेकडून, आग्नेयेकडून येतो. तुम्ही समुद्राकडे, म्हणजे पूर्वेला तोंड करून उभे असाल तर तो उजव्या बाजूने आला. उजव्या हाताने कास्ट करणाऱ्याची, म्हणजे भिरकावणाऱ्याची, दोरी तो सरळ अंगावर आणतो आणि ३/० मापाचा मोठा गळ कानात किंवा पाठीत रुततो. उपाय: पाठ समुद्राकडे करा, पुढचा कास्ट जमिनीच्या दिशेने घाला आणि मागचा कास्ट पाण्यावर सोडा. हे घरी मैदानावर किमान १५ मीटरपर्यंत जमवून जा. किनाऱ्यावर २५ मीटरपेक्षा लांबची गरज क्वचितच पडते. पण मासा दिसल्यापासून तीन-चार सेकंदांत फ्लाय पाण्यात हवी, आणि पाच-सहा खोटे कास्ट (दोरी पाण्यावर न टाकता हवेतच मागेपुढे फिरवणे) करत बसलात तर तो निघून गेलेला असतो.

पाच नंबरची काठी घरी ठेवा. नऊ फुटी, दहा नंबरची घ्या. नऊ नंबर चालते, पण १५ सेंटिमीटरची बोयसारखी फ्लाय वाऱ्यात तिला जड जाते. रीलचा ड्रॅग (मासा दोरी ओढताना लागणारा ब्रेक) खाऱ्या पाण्यासाठी बंदिस्त असावा आणि त्यावर ३० पौंडी बॅकिंग (मुख्य दोरीमागे गुंडाळलेली जादा दोरी) किमान २०० मीटर. दोरी उष्ण कटिबंधासाठी बनवलेलीच हवी. ट्राउटची थंड पाण्याची दोरी त्या उन्हात मऊ पडते, कड्यांना चिकटते आणि वेटोळी होऊन बसते. एकच दोरी न्यायची तर मी सावकाश बुडणारी, इंटरमीजिएट घेईन, कारण तरंगती दोरी लाटा उचलतात आणि फ्लायवरचा ताण जातो. लीडर (दोरी आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा) साधारण तीन मीटर: ५० पौंडी १.२ मीटर, ३० पौंडी ०.६, आणि शेवटी २० पौंडी फ्लुओरोकार्बन १.२. फ्लायला सैल फाशाची गाठ मारा, म्हणजे ती मोकळी हलते. क्लाउझर आणि डिसीव्हर या दोन प्रकारच्या फ्लाय, ऑलिव्ह-पांढऱ्या आणि फिकट तपकिरी-पांढऱ्या, ७ ते १५ सेंटिमीटर, प्रत्येकी सहा तरी. डोळे हलके ठेवा. जड शिशाचे डोळे वाऱ्यात काठीवर आपटले की काठी नंतर मासा लागल्यावर तिथेच मोडते.

कमरेला स्ट्रिपिंग बास्केट, म्हणजे ओढलेली दोरी ठेवायची टोपली, बांधा. परतणारी लाट पायाशी पडलेली दोरी ओढून नेते आणि ऐन वेळी पायात गुंता होतो.

मासा दिसेल तो बहुधा किनाऱ्याला समांतर चालणारी राखाडी सावली म्हणून. पाठीवरचे सात लांब काटे, ज्यांच्यामुळे तिथले लोक त्याला पेस गायो, म्हणजे कोंबडा मासा म्हणतात, तो भक्ष्यावर तुटून पडताना उभे करतो. तो तुरा पाण्याबाहेर दिसला तर भूक लागलेला मासा समोर आहे. फ्लाय त्याच्या दोन-तीन मीटर पुढे टाका, डोक्यावर नको. काठी काखेत दाबा आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने दोरी ओढा, जमेल तितक्या वेगाने. घाबरलेली सार्दिना मध्येच थांबत नाही. फ्लाय थांबली की तो वळतो. मागे येऊनही घेत नसेल तर वेग आणखी वाढवा, कमी करू नका.

ट्राउटवाल्याची हमखास चूक पुढे होते. मासा तोंड उघडतो आणि हात आपोआप काठी वर उचलतो. फ्लाय तोंडातून निसटते. काठीचे टोक पाण्याकडेच ठेवून ओढत राहा, दोरी ताठ झाल्यावरच एक-दोन जोरदार हिसके हातानेच द्या. मग नजर माशावर नको, सुटणाऱ्या दोरीवर ठेवा, ती सगळी रीलवर जाईपर्यंत. ड्रॅग आधीच तराजूच्या काट्याने लावून ठेवा. २० पौंडी टिपेटला (लीडरच्या शेवटच्या तुकड्याला) साधारण सव्वादोन किलो पुरे.

प्रामाणिक अपेक्षा अशी ठेवा: दिवसभर चालून पाच-सात मोठे मासे दिसले, एक मागे आला, तर दिवस वाईट नव्हता. दोन-तीन किलोचे छोटे रूस्टर जास्त सहज लागतात. मोठ्याची कल्पना यावी म्हणून सांगतो, या जातीचा जागतिक विक्रम १९६० मध्ये जवळच्याच ला पासला झाला, ११४ पौंड. तो अर्थात फ्लायवरचा नव्हता.

एक-दोन दिवस पांगा नावाच्या उघड्या बोटीला द्या. नावाडी जिवंत सार्दिना फेकून मासे वर आणतो आणि तुम्ही त्यात फ्लाय टाकता. डोराडो लागला तर पहिला लगेच बोटीत घेऊ नका. तो पाण्यात असेपर्यंत बाकीचे भोवती फिरतात. सिएरा म्हणजे आपल्या सुरमईच्याच कुळातला मासा, दात तसेच. त्याचा खरा हंगाम हिवाळा, पण भेटला तर पुढे १० सेंटिमीटर तार हवी.

किनाऱ्यावरून गरवायला मेक्सिकोत परवाना लागत नाही, बोटीवरून लागतो. डोराडो आणि रूस्टर प्रत्येकी दोनच ठेवता येतात. रूस्टर मात्र सोडूनच द्या: गळाचा काटा आधीच दाबून टाका, शेपूट धरून तोंड पाण्यातच ठेवा, तो स्वतः झटका देईल तेव्हा हात सोडा. दक्षिणेला काबो पुल्मो राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५ पासून संरक्षित. तिथे काठी बाहेर काढायची नाही, चालत जाताना हद्द विचारून घ्या. पाण्यात उतरलात तर पाय घासत चाला, वाळूत पाकट लपलेले असतात.

रात्री रील धुताना ड्रॅग घट्ट करून मंद धारेखाली धरा, जोराचा फवारा मारला तर मीठ आत ढकलले जाते. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, आणि सकाळी पुन्हा सव्वादोन किलोवर लावायला विसरू नका.