परतीचं तिकीट आत्ताच काढू नका

ताई, दत्तक बाळाचा फोटो आल्यावर जीव थाऱ्यावर राहत नाही, ठाऊक आहे मला. तरी परतीचं तिकीट थांबवा. भारतातून मूल अमेरिकेत न्यायचं तर 'कारा'चं (दत्तक प्रकरणं पाहणारी भारताची केंद्रीय यंत्रणा) ना-हरकत पत्र, दत्तकाचा आदेश, बाळाचा पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, शेवटी आयएच-3 व्हिसा (परदेशात दत्तक पूर्ण झालेल्या मुलांसाठीचा); एक कागद अडला की पुढचं सगळं अडतं. (त्या व्हिसावर तिथे उतरताच 18 वर्षांखालचं मूल नागरिक होतं, ती काळजी नको.)

संस्थेतल्या मावशींजवळ मात्र निवांत बसा. झोपेची वेळ, मऊ भात किती पातळ, कुठल्या गाण्यावर डोळा लागतो, सगळं लिहून घ्या. बाळाचं वापरातलं दुपटं मागा आणि धुऊ नका. आमची लेक विमानात त्याच वासाला बिलगून झोपली.