मी नऊ नंबरची आहे, मग सही करून टाकू का?

मावशी, मी परभणीत एका पतसंस्थेत नोकरी करते. वय ३८. माहेर मानवत तालुक्यात, कॅनॉलखालची जमीन. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि मी अशी वारसांची नावं लागली. आता थोरल्या दादाला गोठ्यासाठी कर्ज काढायचंय. तो म्हणतो, हक्कसोडपत्र करून दे. नवरा म्हणतो, वाटा घे, आपण परभणीत प्लॉट घेऊ. दादा बोलला की दादाचं पटतं, नवरा बोलला की नवऱ्याचं. दोनदा सहीला जायचं ठरलं. पहिल्यांदा आधार कार्डच घरी विसरलं, दुसऱ्यांदा आदल्या रात्री ताप भरला. दादाचा फोन आला त्या रात्री मी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासत बसले, साडेबारा वाजले. पंचमीला गेले तर वैनी धड बोलली नाही.

मध्यंतरी छत्रपती संभाजीनगरला ऑफिसचं ट्रेनिंग झालं, तिथं एनिअग्राम शिकवलं, म्हणजे माणसांचे नऊ स्वभाव मानून प्रत्येकाला एक नंबर देणारी पद्धत. टेस्टमध्ये मी टाइप नऊ निघाले, शांतता राखणारी. वर्णन वाचून रडूच आलं. पहिल्यांदा कुणीतरी मला ओळखलं असं वाटलं. भांडण नको वाटतं, सगळ्यांचं पटतं, स्वतःला काय पाहिजे ते कळत नाही, सगळं मीच. आता वाटतं, स्वभावच असा आहे तर ताणायचं कशाला? सही करून मोकळं व्हावं. माझी मुलगी सातवीत आहे. तिचीही टेस्ट घेतली, तीही नऊच निघाली. काय करू?
— नऊ नंबर, परभणी

बाई, सही करू नकोस. पुढं कधी करायची की नाही ते तू ठरवशील, पण 'मी नऊ आहे' हे कारण सांगून तर मुळीच करू नकोस.

वर्णन वाचून तुला रडू आलं त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरात सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या बाईकडं कुणी वळून बघत नाही, आणि एक दिवस छापील कागदावर तिचंच मन लिहिलेलं सापडतं. पाणी येणारच डोळ्याला. पण ज्या गोष्टीच्या भरवशावर तू जमीन सोडायला निघालीस, ती काय आहे हे आधी नीट माहीत असू दे. ट्रेनिंगमध्ये एनिअग्राम पुष्कळदा हजारो वर्षांची विद्या म्हणून सांगतात. खरं तर एनिअग्रामची नऊ टोकांची आकृती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुर्जिएफ नावाचे आध्यात्मिक गुरू आपल्या शिष्यांना शिकवायचे, पण त्यांच्या शिकवणीत हे नऊ स्वभाव नव्हते. आकृतीवर स्वभाव बसवले ते बोलिव्हियात जन्मलेल्या ऑस्कर इचाझो यांनी. १९७० मध्ये चिलीतल्या आरिका गावी क्लॉदिओ नारान्हो हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्याकडून ते शिकले आणि कॅलिफोर्नियात घेऊन गेले. तिथून ते जगभर पसरलं. म्हणजे तुझ्या नऊ नंबराचं वय तुझ्या आईच्या वयाच्या आसपास आहे. विद्यापीठांत स्वभाव मोजायला वेगळी, पाच घटकांची पद्धत वापरतात. एनिअग्रामच्या मागचा पुरावा त्या मानानं तोकडा आहे.

आणि 'सगळं मीच' असं वाटण्याबद्दल एक प्रयोग सांगते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. वर्णन किती जुळतं ते ५ पैकी गुण देऊन सांगायचं होतं. सरासरी निघाली ४.२६. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, आणि तो भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता.

तरीही मी ते फेकून दे म्हणणार नाही. एनिअग्रामची मला आवडणारी गोष्ट ही, की माणूस काय करतो एवढ्यावर ते थांबत नाही, आतून कशासाठी करतो ते विचारतं. गप्प बसणारी माणसं चार असली तर चौघांची कारणं वेगळी असतात. दोन नंबरची बाई गप्प बसते ती आपण एवढं केल्यावर समोरचा आपल्याला जीव लावेल या आशेनं. सहा नंबरची गप्प बसते ती पुढं काय वाढून ठेवलंय या धास्तीनं. पाच नंबरचा माणूस मुळात लांबच उभा असतो. आणि नऊ नंबरची गप्प बसते कारण बोललो तर माणूस तुटेल असं तिला वाटतं, आणि तुटण्यापेक्षा आपण नसल्यासारखं राहणं तिला सोपं जातं. टेस्टमधली वाक्यं हे नीट वेगळं करू शकत नाहीत. ते तुलाच करावं लागेल. दादाला फोनवर 'बघू, काही हरकत नाही' म्हणालीस त्या क्षणी छातीत काय झालं, ते आठव. दादा प्रेम करील असं वाटलं? दादा काहीतरी करील अशी भीती वाटली? की नुसतं हे बोलणं कधी एकदा संपतं असं झालं?

तुझ्या पत्रावरून मला तिसरं वाटतं. तू नऊच असशीलही. पण मग नऊबद्दल त्या वर्गात जे सांगितलं असेल त्यातला अर्धाच भाग तू घरी आणलास.

आठ, नऊ आणि एक हे तीन स्वभाव एनिअग्राममध्ये रागाचे मानतात. आठाचा राग बाहेर दिसतो, एकाचा दाताखाली दाबलेला असतो, आणि नवाला आपल्याला राग आलाय याचा पत्ताच नसतो. राग मात्र असतो. तो बोलत नाही, अडून बसतो. आता तुझं आधार कार्ड बघ. पतसंस्थेत रोज लोकांची केवायसीची कागदपत्रं तपासणारी बाई रजिस्ट्रीच्या दिवशी आधार कार्ड घरी विसरते! पुढच्या वेळी आदल्या रात्री ताप. ताप खरा होता, मी त्यावर शंका घेत नाही. पण दोन्ही वेळा सही झाली नाही, आणि दोन्ही वेळा तुला 'नको' म्हणावं लागलं नाही. तुझ्या आत कुणीतरी नको म्हणतंय गं. त्याचं ऐकायचं सोडून तू त्याला स्वभावाचं नाव देऊन गप्प करायला निघालीस.

डब्यांचंही तसंच. इचाझो आणि नारान्हो यांनी प्रत्येक नंबराला एक दोष जोडलाय, आणि नवाचा दोष आहे आळस. हे वाचून तुला राग आला असेल, यायलाच पाहिजे. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरून नोकरी गाठणारी बाई आळशी कशी? पण हा कामाचा आळस नव्हे. स्वतःच्या मनाकडं वळून बघायचा हा कंटाळा आहे, आणि तो बहुतेक वेळा ढीगभर कामाच्या आड लपतो. दादाचा फोन ठेवल्यावर एक प्रश्न तुझ्यासमोर होता. साडेबारापर्यंत डबे घासून तू तो दुसऱ्या दिवशीवर ढकललास. पुढच्या वेळी असं मध्यरात्री भांडी घासायला बसलीस, की हातातलं ठेव आणि आपण कशापासून पळतोय ते कागदावर लिही. एवढी एक गोष्ट नंबरातून घेतलीस तरी ते ट्रेनिंग वाया गेलं नाही.

एक गोष्ट मात्र ट्रेनिंगवाले सांगणार नाहीत, कारण ती आपल्या घरांतली आहे. आपल्याकडं लेकीला लहानपणापासून नऊ व्हायलाच शिकवतात. 'माझी लेक काही मागत नाही' हे आया चारचौघींत कौतुकानं सांगतात. पंचमीला यावं, साडीचोळी घ्यावी, बांधावरून फिरून यावं, आणि बांध कुणाचा ते विचारू नये, अशी चांगल्या लेकीची व्याख्या. मानवतच्या पारावर चार बायका ओळीनं बसवून हीच टेस्ट घेतली तर दोन आणि नऊ यांचेच ढीग पडतील असं मला वाटतं. म्हणून 'हा माझा स्वभाव' असं म्हणताना त्यातलं किती तुझं आणि किती तुला लावलेलं वळण, हे एकदा तपास. तुझ्या दादालाही भांडण आवडत नसेल. पण त्यानं आपला वाटा सोडला नाही, आणि सोड असं त्याला कुणी म्हणालंही नाही.

तुझं पत्र मी परत परत वाचलं. दादाला काय पाहिजे ते त्यात आहे. नवऱ्याला काय पाहिजे तेही आहे. वैनी धड बोलली नाही तेही आहे. तुला काय पाहिजे याची एक ओळ नाही. आणि हे बघ, 'वाटा घे' हाही तुझा आवाज नाही. तो नवऱ्याचा आहे. उद्या त्याचं ऐकून वाटा मागितलास तरी तू तीच बाई राहशील, फक्त बाजू बदललेली.

तुला थेट 'काय पाहिजे' विचारलं तर उत्तर सुचणार नाही. नऊ नंबरच्या माणसांना काय नको ते आधी कळतं. तिथून सुरू कर. दादाशी अबोला नको, हे नक्की लिहिशील. पुढं लिही: आई गेल्यावर त्या घरात पाहुणी म्हणून जायचं नाही. किंवा, माझं नाव त्या सातबाऱ्यावरून जायला नको, मग पैसा मिळो न मिळो. किंवा खरंच, ही जमीन मला नको, दादानं कसावी. यातलं कोणतंही उत्तर चालेल. हक्क सोडणाऱ्या बहिणी मूर्ख असतात असं मी मानत नाही. पण ते उत्तर तुझं असावं आणि ते तुला स्वतःच्या तोंडानं म्हणता यावं.

आता कागदाचं. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी तू, तुझे भाऊ आणि आई सारखेच वारस. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं एकदा नोंदवलं की ते मागं घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथं 'मला नाही म्हणता येत नव्हतं' हे फारसं कुणी ऐकत नाही. तुझा वाटा नेमका किती ते सातबारा आणि जुने फेरफार वकिलाला दाखवूनच कळेल. वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना मोफत कायदेशीर मदत देतं, उत्पन्न कितीही असो. परभणीच्या जिल्हा न्यायालयात जाऊन चौकशी कर.

आणि दादाची गरज खरी आहे, तीही बघ. त्याला कर्ज पाहिजे. त्यासाठी तुझा हक्क सुटायलाच पाहिजे असं नाही. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदाराकडं महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी करून घेता येते. मग तो आपल्या हिश्श्यावर कर्ज काढू शकतो. नाहीतर सहहिस्सेदारांच्या संमतीवर बँक कर्ज देते का, ते त्यानं विचारलंय का? बहुतेक विचारलं नसेल, कारण बहिणीची सही हाच सगळ्यांना सोपा रस्ता वाटतो.

दादाशी बोलायला समोरासमोर जाऊ नकोस, आधी तर मुळीच नको. त्याच्या तोंडाकडं बघितलंस की तू हो म्हणशील, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. व्हॉट्सअॅपवर लिही, आणि थोडक्यात लिही: 'दादा, मी आत्ता सही करणार नाही. मला दिवाळीपर्यंत वेळ पाहिजे. तुझ्या कर्जासाठी वाटणीचा रस्ता आहे का ते मी विचारून सांगते. मी रागावलेली नाही.' माफी मागू नकोस, कारणं देऊ नकोस, नवऱ्याचं नाव तर अजिबात घेऊ नकोस. मेसेज पाठवल्यावर पोटात गोळा येईल. वैनी बोलणार नाही, आई फोनवर रडेल, चुलते 'बहिणीनं वाटा मागितला' म्हणून गावभर करतील. माहेर तुटतं ही भीती खोटी नाही, काही घरांत तुटतंही. पण मला सांग, तू एवढी वर्षं गप्प होतीस म्हणून पंचमीला वैनी बोलली का? जे टिकवायला तू सही करणार आहेस ते आत्ताच तुला पुरतं मिळत नाहीये. दोन महिने सगळे फुगून राहतील. त्या दोन महिन्यांत तू मात्र दर रविवारी आईला फोन कर, जमिनीचा विषय काढू नकोस, आणि तिनं काढला तर 'दिवाळीला बोलू' एवढंच म्हण.

एनिअग्राममध्ये नवाकडून तिनाकडं एक रेघ जाते, सुधारणेची म्हणतात ती. मनात आलं ते ठरवून, चारचौघांत, पूर्ण करून दाखवणं हा तिनाचा गुण. तो मेसेज पाठवणं हे तेच काम आहे.

राहिली लेक. सातवीतल्या पोरीला नंबर देऊ नकोस. त्या वयात मुली आईला बघूनच वागतात, त्यामुळं तिची टेस्ट म्हणजे अर्धी तुझीच टेस्ट झाली. 'आपण दोघी नऊ' असं तिच्याशी लाडानंही बोलू नकोस, ते तिच्या मनात पक्कं बसेल. शाळेच्या सहलीला जायचं का, डब्याला काय पाहिजे, काकाच्या लग्नात कोणता ड्रेस, असं रोज काहीतरी विचार. 'तुला आवडेल ते' म्हणाली तर मान्य करू नकोस. ती ठरवील तोवर तिथंच बस, मग ऑफिसला उशीर झाला तरी चालेल.

— मावशी