ऑरोविलला शेती करायला जाऊ का? थोडं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: दोघंही पुण्यात आयटीत, पस्तिशीच्या आसपास, घराचे हप्ते संपत आलेत, शेती कधी केलेली नाही. तमिळनाडूत पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविल या आंतरराष्ट्रीय वसाहतीत जाऊन सेंद्रिय शेती करावी, जोडीला साधना व्हावी, आपण पिकवलेलं आपणच खाणाऱ्या गावात राहावं. तर राजीनामा आत्ताच द्यावा का, आणि तिथे जमीन घेता येते का? वर काही जणांनी 'बिनधास्त जा' म्हटलंय, एकदोघांनी 'पंथ आहे, फसाल' म्हटलंय. मला दोन्ही उंटावरून शेळ्या हाकणं वाटलं. माझं तिथे बरीच वर्षं जाणं-येणं आहे, शेतांवर राबणंही झालंय, म्हणून लिहितो.

जमिनीचं आधी उरकतो. घेता येत नाही. १९८८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ऑरोविलची जमीन ऑरोविल फाउंडेशन या त्याच कायद्याने स्थापलेल्या संस्थेकडे आहे. तुम्ही पैसे घालून घर बांधलंत तरी ते तुमच्या नावावर होत नाही, विकता येत नाही, मुलांना ठेवता येत नाही. 'ऑरोविल कुणा एकाचं नाही' असं सनदेच्या पहिल्याच कलमात आहे आणि ते शब्दशः घ्यायचं. सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय झोप लागत नसेल (आपल्यातल्या बहुतेकांना लागत नाही, त्यात लाज काही नाही) तर विषय इथेच मिटतो.

आता मातीबद्दल, कारण तिथलं बाकी सगळं त्यातून आलंय. २८ फेब्रुवारी १९६८ ला स्थापना झाली, १२४ देशांतून मूठमूठ माती आणून संगमरवरी कलशात ठेवली, हे तुम्ही वाचलं असेलच. पण ज्या पठारावर तो कलश ठेवला तिथेच माती उरली नव्हती. ताडाची तुरळक झाडं, मधे एक वड, बाकी लाल उघडं रान आणि घळी. कोकणातला सडा डोळ्यांपुढे आणा, पण कोकणाइतका पाऊस नाही. वर्षाला साधारण १२०० मिमी पडतो, त्यातला मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबरात, एकेका वादळासरशी. पाणी लाल होऊन थेट बंगालच्या उपसागरात जायचं.

म्हणून पहिल्या पिढीने शेतीच्या आधी बांध घातले. उताराला आडवे मातीचे बांध, तळी, शेळ्या आत येऊ नयेत म्हणून कुंपणं, आणि रोपांना हातांनी पाणी. आधी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, आपल्याकडे सामाजिक वनीकरणात लावली तीच. तिची सावली आणि पाला मिळाल्यावर खाली स्थानिक झाडं. आता तिथे मूळचं जंगल कुठे राहिलं होतं? देवळांच्या राखीव रानांत, म्हणजे आपल्या देवरायांसारख्या जागांत. तिथून बिया गोळा करून रोपवाटिका केल्या. आजवर तीसेक लाख झाडं लावली गेली असं सांगतात. २०११ च्या डिसेंबरअखेर आलेल्या 'थाने' चक्रीवादळात (आपल्या ठाण्याशी संबंध नाही) त्यातल्या बाभळी मोठ्या संख्येने आडव्या झाल्या, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून साफसफाई.

शेतावर गेलात की सकाळी सहा-साडेसहाला वाफ्यावर बसायचं, ऊन चढायच्या आत भांगलण उरकायची. आच्छादन बाजूला करून बोटं खुपसून बघा. वर दोन बोटं काळसर, मऊ, बुरशीचे पांढरे तंतू दिसतील. त्याखाली लगेच विटेसारखा लाल थर, कुदळीला खण् वाजणारा. ही दोन बोटं कुणीतरी कित्येक वर्षं पाला टाकून मिळवलेली असतात. आच्छादनाला बाभळीचा पाला हाताशी असतो, पण तो चामड्यासारखा चिवट, लवकर कुजत नाही. मऊ काही टाकलं की वाळवी दोन आठवड्यांत फस्त करते. यूट्यूबवर पाहिलेलं जीवामृत घालून एका हंगामात माती 'जिवंत' करायचा बेत असेल तर तो पुण्यातच ठेवून या. पेबल गार्डन नावाची जागा जमलं तर बघाच. नावाप्रमाणे नुसती खडी होती. बाहेरून माती न आणता तिथल्याच पाल्यापाचोळ्यावर वाफे उभे केलेत आणि देशी भाजीपाल्याचं बियाणं जपलंय. मला तरी सगळ्या ऑरोविलमध्ये शिकण्यासारखी जागा ती वाटते, तिथल्या मातृमंदिर या ध्यानमंदिराच्याही आधी.

पेरणीचं गणितही बदलून घ्यावं लागतं. आपलं डोकं मृगावर चालतं. तिथले शेतकरी आडी महिना धरतात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून पुढे. कोरडवाहू नाचणी, राळा, कोद्रा, तीळ यांची घाई तेव्हा. आपण जूनमध्ये हात शिवशिवत बसलेले असतो आणि शेजारच्या गावातल्या आजी आपल्याकडे बघून हसत असतात.

आता 'गाव स्वतःचं पिकवून खातं' याबद्दल. नाही खात. साठेक देशांतली तीन हजारांवर माणसं राहतात आणि शेतं त्यांच्या गरजेचा लहानसाच वाटा भागवतात. अन्नपूर्णा हे सगळ्यात मोठं शेत, १३५ एकरांचं, तिथे भात आणि दूधदुभतं आहे, पण ते मुख्य वस्तीपासून बाहेर, वेगळ्या चिकण जमिनीवर. बाकी बरीचशी शेतं काही एकरांची. माल फूडलिंक या सामायिक संकलन केंद्राकडे जमा होतो, तिथून सोलर किचनला आणि दुकानांना. सोलर किचनच्या छतावरची पंधरा मीटर व्यासाची वाटी सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करते, त्यावर सामुदायिक जेवण शिजतं. ढगाळ दिवशी मात्र डिझेलचा बॉयलर पेटतो. मला यात ढोंग दिसत नाही. पण 'स्वावलंबी गाव' म्हणून फोटो पाहून येणाऱ्यांचा विरस होतो, तो आधीच झालेला बरा.

आणि दोष एकट्या मातीचाही नाही. लोकांना बटाटा, कांदा, गव्हाचा पाव हवा असतो. त्या जमिनीत राजीखुशी येतं ते शेवगा, पपई, केळी, अंबाडी, माठ, नाचणी. सॉलिट्यूड नावाच्या शेतावर जे उगवतं तेच ताटात वाढतात. पहिल्या दिवशी कौतुक वाटतं, आठव्या दिवशी पोळी आठवते. त्या पोळीचं काय करायचं हे तुम्ही दोघांनी घरीच ठरवून निघा, मी चेष्टा करत नाहीये. पाण्याचंही बघा: समुद्र हाकेच्या अंतरावर, भूजल जास्त उपसलं की खारं पाणी आत शिरायची टांगती तलवार. त्यामुळे उसाभाताच्या सवयीने विहिरीवर मोटर लावून मोकळं होणं तिथे शोभत नाही.

एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. अनेक शेतांवर खुरपणी-काढणीचं रोजचं काम आसपासच्या गावांतल्या तमिळ बायका मजुरीवर करतात. स्वयंसेवक येतात, महिना-दोन महिने राहतात, जातात. कुयिलापालयम किंवा आलंकुप्पमहून येणारी बाई मात्र वर्षानुवर्षं तिथे असते आणि कुठल्या वाफ्यात काय रुजत नाही हे तिला बरोबर ठाऊक असतं. तुम्हाला शेती शिकायची असेल तर तिच्या शेजारी बसा. त्यासाठी इंग्रजी कामाची नाही, मोडकीतोडकी का होईना तमिळ लागते.

साधनेचं म्हणाल तर तिथे आरती, पारायण, नामस्मरण काही नाही. मातृमंदिरात मूर्ती नाही, फुलं नाहीत, उदबत्ती नाही, शांत बसायचं. योगी श्रीअरविंद १९५० ला गेले, ऑरोविल ही त्यांच्या आध्यात्मिक सहकारी श्रीमाताजींची कल्पना, आणि त्यांच्या विचारात कामच साधना आहे. आपल्या मंडळींना परकं वाटायचं कारण नाही: १९०८ साली बडोद्यात विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने अरविंदांना तीन दिवस खोलीत बसवून मन निःशब्द करायला शिकवलं होतं. पण रोज संध्याकाळी टाळ-मृदंग हवाच असेल तर ऑरोविल कोरडं वाटेल. तुमच्यासाठी पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ गालतरे इथलं गोवर्धन इकोव्हिलेज जास्त जवळचं. ते इस्कॉनचं आहे, तिथे गोशाळा, दाबलेल्या मातीच्या विटांची बांधकामं, मुंबई आयआयटीत विकसित झालेल्या मृदा-जैव पद्धतीने सांडपाणी शुद्ध करणं, हे सगळं पुण्याहून एका दिवसात बघून येता येतं. स्वभाव मात्र पूर्ण वेगळा: तिथे परंपरा आहे, गुरू आहेत, दिवसाचा क्रम आखलेला आहे.

सध्याचं वातावरणही सांगायला हवं. डिसेंबर २०२१ मध्ये नियोजित क्राउन या वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडं पाडायला बुलडोझर आले तेव्हापासून फाउंडेशनचं प्रशासन आणि रहिवाशांचा मोठा गट यांच्यात फाटलंय. एप्रिल २०२२ मध्ये हरित लवादाने कामाला लगाम घातला, मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एका बाजूचं म्हणणं: मूळ नगररचना पूर्ण करायलाच हवी. दुसऱ्या बाजूचं: आराखड्यासाठी उभं जंगल का तोडायचं? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण तिथे पोचल्याबरोबर कुणाच्या तंबूत जाऊन बसू नका. कायम राहण्याचे नियमही अलीकडे बदललेत. जुन्या लेखांवर न जाता थेट त्यांच्या कार्यालयाला विचारा.

म्हणून राजीनामा नको. बिनपगारी रजा मागा, आणि जानेवारीत जाऊ नका. जानेवारीत तिथे सगळ्यांनाच अध्यात्म झेपतं. मे महिन्यात जा किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात. एकाच शेतावर राहा, पाच ठिकाणं फिरू नका. स्वयंसेवकांना राहण्या-जेवणाचा खर्च बहुतेक ठिकाणी स्वतःच करावा लागतो, त्याची तयारी ठेवा. वनीकरणात रस असेल तर साधना फॉरेस्ट आहे: २००३ पासून चाललंय, जेवण पूर्ण वनस्पतिजन्य, दूध-तूपही नाही, आणि संडास कोरडे, भुसा टाकायचे. यातल्या कशाने नाक मुरडलं जातंय का ते दोघांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळं ठरवा, मग बोला.

शेताला पत्र पाठवताना 'काहीही काम करू' असं लिहू नका, तसली पत्रं त्यांना ढिगाने येतात. काय येतं ते लिहा. ठिबकचे सांधे बसवता येतात, पंप उघडता येतो, हिशेब ठेवता येतो, बियाण्याची नोंदवही नीट लावता येते. तिथल्या बऱ्याच शेतांना खुरपं धरणाऱ्याइतकीच एक्सेल येणाऱ्या माणसाची गरज आहे, आणि ते तुम्हाला आजच येतं.