विदेशात पावसाच्या पाण्यावर टॅक्स घेतात म्हणे, नागपुरात लावला तर बरोबर होईल का?

घेतात, आणि बऱ्याच वर्षांपासून घेतात, पण तो टॅक्स पावसावर नसतो. तुमच्या जागेतून किती पाणी वाहून नालीत जातं त्याचे ते पैसे असतात. स्लॅब, टिनाचं शेड, सिमेंटचं आंगण, पार्किंगमधले गट्टू (पेव्हर ब्लॉक), म्हणजे जिथं पाणी मुरत नाही तो सगळा भाग मोजायचा (पुष्कळ ठिकाणी हवाई फोटोंवरून मोजतात) आणि त्यावर रेट लावायचा. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहरानं १९७४ मध्ये याच्यासाठी वेगळं खातंच काढलं. बर्लिनमध्ये दर चौरस मीटरला वर्षाला दोन युरोच्या आतबाहेर पडतात. मेरीलँड राज्यात २०१२ साली असा कायदा आला तर लोकांनी त्याला 'रेन टॅक्स' नाव पाडलं, इतका विरोध झाला की २०१५ मध्ये सक्ती काढावी लागली.

मला यात सगळ्यात पटलेलं उदाहरण फिलाडेल्फियाचं. तिथं आधी हा चार्ज नळाच्या मीटरच्या साईजवरून लागायचा, त्यामुळे ज्या मोठमोठ्या पार्किंगला नळच नाही त्यांना काहीच भरावं लागायचं नाही, आणि रस्त्यावर सर्वात जास्त पाणी तर तेच सोडत होते! २०१० पासून घरं सोडून बाकी जागांना झाकलेल्या जमिनीच्या हिशोबानं बिल सुरू केलं. आपल्याकडे मालमत्ता कर घराच्या भाडेमूल्यावरून निघतो, त्यात तुम्ही आंगण मोकळं ठेवलं की पूर्ण फरशी ठोकली हे कुठेच दिसत नाही.

थोडा हिशोब करून बघा. दीड हजार फुटांचा प्लॉट पूर्ण झाकलेला असला आणि १०० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास १४ हजार लिटर पाणी होतं, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या चौदा टाक्या, एका घराच्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत एवढा पाऊस नागपुरात पडला. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, फ्रिज आडवा होऊन तरंगत दारापाशी येऊन अडकला होता आणि आई पलंगावर खुर्ची ठेवून त्यावर बसली होती. तो पूर अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी पात्राबाहेर आली म्हणून आला, एकट्या गट्टूंना दोष देता येणार नाही, पण नदीत आणि नालीत येणारं पाणी शेवटी आपल्याच छतांवरून आणि आंगणांतून येते ना.

म्हणून माझं मत, लावावा, पण दोन गोष्टी पक्क्या पाहिजेत. एक, पैसा वेगळ्या खात्यात जमा होऊन पावसाळी नाल्यांवरच खर्च व्हावा, नाहीतर लोक भरणार नाहीत आणि भरू पण नये. दुसरी, जो पाणी मुरवतो त्याला बिलात सूट मिळावी, फिलाडेल्फियात अशी मिळते. आणि फ्लॅटवाल्यांनी घाबरू नये, एका स्लॅबखाली सोळा फ्लॅट असले तर रक्कम सोळा जणांत वाटल्या जाते.

आम्ही पुराच्या नंतर आंगणातले अर्धे गट्टू उखडले आणि शोषखड्डा केला. पश्चिम नागपुरात काळी माती आहे, ती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊच देत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावं लागलं, मग खाली बोल्डर, वर गिट्टी, वर रेती. खोदताना समजलं की गच्चीचा पाईप सरळ गडर लाईनला, म्हणजे सांडपाण्याच्या पाईपला, जोडून ठेवलेला होता. दर पावसाळ्यात बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी वर का यायचं ते तेव्हा कळलं. तो जोड तोडून पाईप आता खड्ड्यात सोडला आहे. तुमच्या घरचा पाईप कुठे जातो ते एकदा बघून घ्या, टॅक्स लागो की न लागो.