स्टॅम्पपेपरवरची फारकत आणि मुलीचा ताबा

प्रश्न: मी माहेरी येऊन दीड वर्ष झालं. मुलगी साडेचार वर्षांची, माझ्याकडेच असते. नवरा एक पैसा देत नाही म्हणून मी त्याचे व्हिडिओ कॉल घेणं बंद केलंय. आता तो म्हणतो स्टॅम्पपेपरवर नोटरी करून फारकत घेऊन टाकू, आणि पोटगी मागितलीस तर मुलगी घेऊन जाईन. सही करू का?

उत्तर: ताई, सही अजिबात करू नका. नोटरीला लग्न मोडायचा अधिकारच नाही, त्या कागदानंतरही कायद्याने तुम्ही नवरा-बायकोच राहता आणि दोघांपैकी कोणी दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा ठरतो. काही समाजांत रूढीने होणारी फारकत कायदा मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, नुसतं आमच्यात असंच असतं म्हणून चालत नाही. दोघांनाही वेगळं व्हायचंच असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली म्युच्युअल कन्सेंटचा अर्ज करा. वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं ते तुमचं झालंय, पुढे 6 महिने थांबावं लागतं, पण सगळं मिटलेलं असेल तर कोर्ट ते माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलंय.

मुलीचं म्हणाल तर 5 वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं, 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यातच तसं आहे. पाच पूर्ण झाली की आपोआप बापाकडे जाते असं मुळीच नाही, तिथून पुढेही मुलीचं भलं कशात आहे हेच बघतात. शाळेत कोण सोडतं, ताप आला की डॉक्टरकडे कोण नेतं वगैरे, म्हणून फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं एका फाइलला लावून ठेवा. पण कॉल मात्र आजच सुरू करा. तो पैसे देत नाही ही त्याची चूक, पण भेट आणि पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आईने बापाला बोलूच दिलं नाही असं रेकॉर्डवर आलं की ते तुमच्याच विरोधात जातं, शिवाय त्या पोरीचा यात काय दोष हो?

पोटगीचा अर्ज लगेच टाका. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेविट द्यावंच लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे उशीर केला तेवढं नुकसान तुमचंच. मुलीच्या खर्चाचा हक्क तुम्ही सही करून सोडू शकत नाही, तो तिचा आहे. तडजोड लिहिताना "वडील अधूनमधून भेटतील" असलं मोघम वाक्य नको, पुढची सगळी भांडणं त्यातूनच होतात. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी 10 ते संध्याकाळी 6, आणायचं कोणी, सोडायचं कोणी, उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, सगळं लिहून घ्या.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकील फुकट मिळतो.

प्रश्न: मुलगा 11 वर्षांचा आहे, कुणाकडे राहायचं हे जज त्याला विचारतील का?

उत्तर: हो, बहुतेक चेंबरमध्ये बोलावून विचारतील. त्याचं मत धरतात पण शेवटचा शब्द तोच असं नाही. त्याला आधी काही पढवू नका प्लीज, जज दोन मिनिटांत ओळखतात.